कुणाचं वाजतंय?

लांबून कुठूनही वाद्य ऐकू आलं की आमचे आबा पहिलं विचारतात, "कुणाचं वाजतंय गं?" काय वाजतंय हे ते कधीच विचारत नाहीत. चांगलं वाजतंय की वाईट, याच्याशीही त्यांना घेणंदेणं नसतं. वाद्य म्हणजे कुणाच्या तरी दारातलं. ते कुणाच्या दारात आणि कशापायी, एवढं कळलं की ते घरात जातात आणि त्याप्रमाणे डोकं झाकून बाहेर येतात. हळद, लग्न, जत्रा असली तर गुलाबी फेटा. मयत किंवा दहावं असलं तर पांढरी टोपी. आबांच्या खुंटीला या दोनच गोष्टी असतात. मधलं काही नसतं.

आबा म्हणजे माझे सासरे, भैरू ठोंबरे. न्हावऱ्याच्या अलीकडं, शिरूर रोडपासून थोडी आत आमची वस्ती आहे. आबांचं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं विकली, ऊस लावला आणि आबा दारातल्या लिंबाखाली बसले. चालणाऱ्या माणसाला बसायला लावलं की त्याचे कान लांब होतात, असं माझं मत आहे. रोडनं गेलेली मोटारसायकल कुणाची, हे आबा न बघता सांगतात आणि निम्म्या वेळा चुकतात. चुकलं तरी गाडीवाल्याचंच काहीतरी चुकलं असणार, असा त्यांचा चेहरा असतो.

अशा माणसाच्या घरात मी पाश्चात्त्य अभिजात संगीत आणलं. हौसेनं आणलं असं कुणाला वाटत असेल तर सांगते. मी अंगणवाडी सेविका आहे. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते, म्हणून लग्नानंतर अर्धवट राहिलेलं बी. ए. शिरूरच्या कॉलेजात पुन्हा सुरू केलं. शेवटच्या वर्षाला नियम निघाला, की एक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा आणि तोही ऑनलाइन. माझ्या वर्गातली सुफिया शिरूरच्या बाजारपेठेत राहते, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिच्या मोबाईलवर आम्ही दोघी नाव नोंदवायला बसलो तोवर योगा भरला होता, पर्यटन भरलं होतं, दुग्धव्यवसायाला तर सकाळीच जागा नव्हती. उरले दोन विषय. एकाचं नाव दोनदा वाचूनही मला उच्चारता येईना. दुसऱ्याचं नाव होतं 'पाश्चात्त्य अभिजात संगीताचा रसास्वाद : प्राथमिक ओळख'. सुफिया म्हणाली, "ताई, हेच घ्या. कान तर हायेत आपल्याला." अडला हरी, दुसरं काय.

सर इंग्रजीत शिकवायचे आणि खाली हिंदी अक्षरं पळायची. संध्याकाळी भाकरी झाल्या की मी ओट्यावर मोबाईल मांडायची. माझे यजमान रविराज सणसवाडीला कंपनीत, त्यांची बहुधा दुसरी पाळी. पोरं आतल्या खोलीत. समोर मी आणि लिंबाखालून उठून आलेले आबा. पहिल्याच दिवशी सरांनी काळ्या कोटातली पन्नास-साठ माणसं दाखवली. सगळी एकदम वाजवत होती आणि कुणीच हसत नव्हतं.

"कुणाचं वाजतंय?" आबांनी विचारलं.

"कुणाचं न्हाई, आबा. असंच वाजवत्यात."

"असंच कसं? साठ माणूस असंच वाजवतंय व्हय? सुपारी कुणाची हाय? जेवाण कुणाकडं?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, की ही माणसं फक्त ऐकण्यासाठी वाजवतात. म्हणताना माझं मलाच ते पोकळ वाटलं. ऐकण्यासाठी वाजवतात म्हणजे काय? खाण्यासाठी शिजवतात, हे कळतं. पण शिजवतात तेव्हा घरात कुणीतरी भुकेलं असतं. ही साठ माणसं कुणाची भूक भागवत होती, ते मला शेवटच्या आठवड्यापर्यंत धड कळलं नाही.

प्रत्येक धड्यानंतर चाचणी असायची. एक तुकडा ऐकवायचे आणि विचारायचे, यात कोणता भाव आहे? उदात्त, गंभीर, विषण्ण की चिंतनशील? मला चारही भाव एकाच घरचे चुलतभाऊ वाटायचे. रविराज सांगायचे, "तिसरा टाक. आयटीआयला आम्ही समदे तिसराच टाकायचो." मी तिसरा टाकत गेले आणि पासापुरते गुण पडत गेले. शिक्षणाबद्दलचा माझा आदर त्या दिवसांत जरा खाली आला, हे कबूल करते.

माझ्या सासूबाई, तानुबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. त्यांना या गाण्यात काडीचा रस नव्हता. त्यांना मी पास व्हायला हवी होती. सरांचा आवाज आला की त्या पोरांना, मांजराला आणि आलेल्या पाहुण्यालाही ओट्यावरून उठवायच्या. "बाईचा अभ्यास हाय, उठा." एकदा मात्र त्या पदराला हात पुसत उंबऱ्यात थांबल्या होत्या. एकच वाद्य वाजत होतं, जाड आवाजाचं, मांडीत धरून वाजवतात तसलं. बराच वेळ एकटंच वाजत राहिलं. आत्या म्हणाल्या, "आगं, ह्याला कुणीतरी घरात बोलवा की." आणि दूध तापवायला निघून गेल्या. चाचणीत त्या तुकड्याला मी 'चिंतनशील' टाकलं. चुकलं.

मध्येच एका धड्यात सरांनी ऐकणाऱ्याचे नियम सांगितले. एका रचनेचे तीन-चार भाग असतात. एक भाग संपला की वादक थांबतात. तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, खोकलासुद्धा दाबायचा. सगळं संपल्यावरच टाळ्या.

आबा चिडले. "मंग वाजवणाऱ्याला कळायचं कसं, लोकास्नी ग्वाड लागलं म्हून? आपल्यात ढोल थांबला आन् माणसं गप ऱ्हायली, तर ढोलकऱ्याचं तोंड उतरतंय."

या नियमाचं कारण सरांनी सांगितलंच नाही.

दसरा झाला आणि चार-पाच दिवसांनी आत्या गेल्या. सकाळी शेळ्यांना पाला टाकून आल्या, छातीत जळजळतंय म्हणाल्या. शिरूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या संपल्या होत्या. मला रडूसुद्धा नीट आलं नाही. चुलीपाशी गेले की वाटायचं, आता म्हणतील, बाईचा अभ्यास हाय. ज्या माणसाला माझ्या पदवीची सगळ्यांत जास्त घाई होती, तेच आधी उठून गेलं. मला त्यांचा रागच आला होता, खरं सांगते.

घरात सुतक. टीव्हीवर चादर टाकली. आणि नेमका तो आठवडा चाचणीचा. ती चुकली तर अभ्यासक्रम बाद, म्हणजे वर्ष बाद. मी न्हाणीच्या मागं उभी राहून, कानात वायर घालून ऐकत होते, ते भावकीतल्या मारुतरावांनी पाहिलं. मारुतराव म्हणजे आमच्या भावकीचं सुप्रीम कोर्ट.

"सुतकात गानी ऐकती सून?" ते ओट्यावर जाऊन मोठ्यानं म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, गाणी नाहीत, परीक्षा आहे. कुणी म्हणालं, परीक्षा असली तरी गाणं ते गाणं. कुणी म्हणालं, इंग्रजी असेल तर सुतक लागत नसावं. यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं आणि कुणालाच काही ठरवता येईना. शेवटी आबांनी भिंतीला टेकलेलं डोकं उचललं.

"कुणाचं वाजतंय त्ये?"

त्या आठवड्याचा धडाच तसा होता. मी म्हणाले, "मेलेल्या माणसांचं हाय, आबा. गेलेल्याला इसावा मिळावा म्हून वाजवत्यात."

आबांनी हात पुढं केला. मी वायर काढली आणि आवाज मोठा केला. भावकी ऐकत बसली. मारुतरावांनी कपाळाला आठ्या घालून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात देवाचं नाव कुठं कळंना, पर रडगाणं हाय हे नक्की." आबा म्हणाले, "मंग चालू दे."

त्या दिवसापासून आबांच्या मनात सगळं एकदम जुळलं. काळे कपडे. कुणी हसत नाही. सगळे ओळीनं मुकाट बसलेले. मध्ये थांबलं तरी टाळ्या नाहीत. ज्यांनी रचलं त्यांच्या नावापुढं सर आवर्जून सांगणार, अमुक साली वारले. "आगं, ही समदी दहाव्याचीच मंडळी हायेत," आबा मला समजावून म्हणाले, "तुझ्या सरानं आधीच सांगायचं न्हाई व्हय? मेलेल्याफुडं टाळ्या वाजवायच्या नसत्यात, बराबर हाय त्यांचं." पुढं उभा राहून काठी हलवणारा माणूस कोण, याचाही उलगडा त्यांनी केला. तो लोकांकडं पाठ करून उभा राहतो, तोंड दाखवत नाही. म्हणजे सुतकी तोच. मी त्यांना दुरुस्त करायला निघाले होते. पण माझ्या स्वतःच्या डोक्यात याहून बरं काही नव्हतं.

आत्यांचं दहावं घोडनदीच्या घाटावर होतं. आमच्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्रवचन होतं, मग कुणीतरी जाणता माणूस गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो, आणि सगळे दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहतात. आबांनी मारुतरावांना चार दिवस आधी सांगून ठेवलं होतं. "लई न्हाई, दोन शबुद बोल. ती काय फुडारी न्हवती."

आम्ही पोचलो तर शेजारीच कुणा माजी सभापतींच्या चुलत्यांचं दहावं. मांडव, गाड्यांची रांग, चारी बाजूला भोंगे. एकामागून एक पुढारी श्रद्धांजलीला उभे राहत होते आणि एकेकाचं भाषण निवडणुकीच्या गावाला जाऊन परत येत होतं. आमचे प्रवचनकार बिचारे घसा ताणून बोलत होते, पण पहिल्या ओळीच्या पुढं काही पोचत नव्हतं. आमच्यातली निम्मी माणसं तोंड दाखवायला हळूच तिकडं सरकली. पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, तानुबाईचं कशात मन नव्हतं, सुटली. कावळा शिवला म्हणताच उरलेली माणसंही उठून चपला शोधायला लागली. मारुतराव दोन शब्द बोलायला तोंड उघडतात तोवर भोंग्यातून पुढच्या वक्त्याचं नाव आलं, आणि ते तसेच खाली बसले.

आबा मात्र उभे राहिले होते. हात जोडून, मान खाली घालून, एकटेच. बाजूनं माणसं जात-येत होती. थोड्या वेळानं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बसले. मला त्या क्षणी तो भोंगा नदीत टाकावासा वाटला. जन्मभर जिनं कुणाला आवाज चढवला नाही, तिच्या वाट्याची दोन मिनिटंसुद्धा दुसऱ्याच्या भोंग्यानं खाल्ली.

"तिचं झालं न्हाई," घरी आल्यावर आबा म्हणाले.

"कावळा शिवला की, आबा," रविराज म्हणाले.

"कावळ्याला काय कळतंय? माणसं उभी न्हाई ऱ्हायली."

पुढं दिवाळीत पाहुणे दुखवटा काढायला आले. गोडाचं जेवण घेऊन आले, आबांच्या डोक्याला फेटा बांधायला लागले. आबांनी त्यांचा हात धरला. "तिचं झालं न्हाई आजून," एवढंच म्हणाले आणि पांढरी टोपी घालून लिंबाखाली जाऊन बसले. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. फेटा खुंटीवर गेला.

इकडं माझा अभ्यासक्रम शेवटच्या पायरीवर आला होता. प्रत्यक्ष कार्यक्रमाला हजर राहायचं, ऐकायचं आणि अहवाल लिहायचा. बँड चालणार नाही, डीजे चालणार नाही, सरांनी शिकवलेलंच हवं. शिरूरमध्ये ते कुठून आणायचं? सुफियाचे मामा, अलीमभाई, रेल्वेत आहेत, दौंडला. सुफियानं फोन लावला. ते म्हणाले, रेल्वे कॉलनीजवळ एक जुनं चर्च आहे. दोन नोव्हेंबरला तिथं गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी प्रार्थना असते. यंदा पुण्याहून गाणारे आणि व्हायोलिनवाले येणार आहेत, कुणीही यावं. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

मी आबांना म्हणाले, "दौंडला जाऊन येते. कार्यक्रम ऐकायचाय."

"कुणाचं हाय?"

"गेलेल्या माणसांचं."

आबा उठले. पांढरी टोपी झटकून घातली. मग पेटीतून नवा टॉवेल आणि नवी टोपी काढून पिशवीत ठेवली. दहाव्याला सुतकी माणसाला टॉवेल-टोपी नेतात, रिकाम्या हातानं जात नाहीत. मी म्हणाले, आबा, तिथं तसं नसतं. "तुला काय म्हाईत, तू कवा गेलीस?" हे खरं होतं. मी पिशवी उचलली.

न्हावऱ्याहून चौफुल्याला आणि चौफुल्याहून दौंडला. अलीमभाईंनी आम्हाला चर्चच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. आबांनी दारातच चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसले होते. दोन-तीन माणसांनी आबांच्या पायांकडं पाहून आपले पाय बाकाखाली घेतले. आम्ही मधल्या एका बाकावर बसलो. मागं निळ्या फ्रॉकमधल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, केस पांढरेशुभ्र. त्या आबांकडं बघून मान हलवून हसल्या. आबांनी हात जोडले.

फादर आधी इंग्रजीत बोलले, मग मराठीत. "आपल्यातून गेलेल्यांची आज आपण आठवण करणार आहोत." आबांनी मला कोपरानं ढोसलं. "बघ."

गाणारे आले. काळे कपडे. चार व्हायोलिनवाले खुर्च्यांवर. मग एक उंच माणूस आला, आमच्याकडं पाठ केली आणि काठी उचलली. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "त्योच."

पुढं काय ऐकलं ते मला नीट सांगता यायचं नाही. मोबाईलमधून ऐकणं वेगळं आणि समोर तीस माणसांनी एका दमात आवाज उचलणं वेगळं. उदात्त की विषण्ण, हे मी विसरून गेले. शब्द कुठल्या भाषेतले तेही कळत नव्हतं. एवढं कळत होतं, की ते कुणाला तरी काहीतरी मागत आहेत आणि पुन्हा पुन्हा मागत आहेत. आबा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मग पहिला भाग थांबला.

नियमाप्रमाणे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी खोकलं नाही. अख्खं चर्च गप्प.

आणि आबा उभे राहिले.

त्यांनी पुढच्या बाकाला धरून अंग वर घेतलं, हात जोडले, मान खाली घातली. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं, "आबा, बसा, संपलं न्हाई." त्यांना ऐकू गेलं नाही. मला घाटावरचे आबा दिसले आणि वाटलं, आता पुन्हा हे एकटे उभे राहणार आणि इकडंतिकडं बघून पुन्हा एकटेच बसणार. एवढं मात्र मला बघवणार नव्हतं. मग मीच उठून उभी राहिले.

मागं बाक करकरलं. निळ्या फ्रॉकमधल्या बाई काठीला धरून उठल्या होत्या. त्यांच्या शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडं बघून उठले. त्यांच्यामागची ओळ उठली. चर्चमध्ये उठण्या-बसण्याच्या वेळा असतात आणि बाजूचा उठला की माणूस उठतो, हे मला नंतर अलीमभाईंनी सांगितलं; तेव्हा काही कळत नव्हतं. बाकामागून बाक करकरत गेलं. पुढचे लोक मागं वळून बघायचे आणि उभे राहायचे. फादरनी हातातल्या कागदावर नजर टाकली, कागदात काही सापडलं नसावं, आणि तेही उठले. व्हायोलिनवाले एकमेकांकडं बघून वाद्यं हातात धरून उभे राहिले. तेव्हा तो काठीवाला वळला. पहिल्यांदाच त्याचं तोंड दिसलं. चांगला गोंधळलेला, तरुण माणूस होता. सगळं चर्च उभं आहे असं पाहून त्यानं काठी खाली घेतली आणि मान खाली घातली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर स्टेशनवर एक गाडी शिट्टी देऊन निघाली, तिचा आवाज लांब गेला, तरी सगळे उभेच. मला तेव्हा रडू आलं. आत्या गेल्यापासूनचं पहिलं धड रडू. शेवटी आबांनी जोडलेले हात कपाळाला लावले आणि ते बसले. त्यांच्यामागं सगळे बसले आणि दुसरा भाग सुरू झाला.

संपल्यावर आबा थेट त्या काठीवाल्याकडं गेले. टॉवेल त्याच्या हातावर ठेवला, टोपी वर ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मनाला लावून घिऊ नगा," म्हणाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं ती टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि आबांना वाकून नमस्कार केला. दारात निळ्या फ्रॉकच्या बाईंनी मला गाठलं. "तुम्ही उठला म्हणून आम्ही उठलो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं काय?" तेवढ्यात आबांनी त्यांच्यापुढं हात जोडले. "लई उपकार झालं, बाई." बाईंनीही हात जोडले.

परतीच्या गाडीत आबांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "तू तिचं कळवलं व्हतंस का त्या माणसांस्नी?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण जमलं नाही. "न्हाई, आबा."

"वळखीचं एक न्हाई. एवढं माणूस सभापतीच्या चुलत्यालाबी उभं न्हवतं. मंग त्यास्नी कसं कळलं?"

"मला न्हाई म्हाईत."

चौफुल्यापर्यंत ते त्यावरच विचार करत होते. मीही करत होते. अजूनही करते.

अहवालात मी घडलं ते लिहिलं. चार-सहा दिवसांनी इंग्रजीत शेरा आला. सुफियानं अर्थ लावून दिला. 'पहिल्या भागानंतर श्रोते उभे राहिले असे आपण म्हटले आहे. या परंपरेत असा संकेत नाही. कारण स्पष्ट करावे.' खाली उत्तरासाठी चौकोन होता.

मी मोबाईल घेऊन लिंबाखाली गेले. "आबा, सर इचारत्यात, माणसं का उभी ऱ्हायली म्हून."

"एवढं शिकलेला माणूस, त्याला कळंना व्हय?" आबा सरसावून बसले. "लिव."

मी लिहायला लागले. आबा एकेक शब्द ठेवून सांगत होते, घाटावर मारुतराव सांगणार होते तसं.

"तानुबाई भैरू ठोंबरे. मेंढरामागं जलम गेला. मी मेंढरं घिऊन म्होरं, ती बिऱ्हाडाची घोडी घिऊन मागं. मुक्काम पडला का आधी मेंढरास्नी जाळी लावायची, मंग मला भाकर, मंग सोताला. रविराज रानात झाला, दुसऱ्या दिशी चालाय लागली. सुनंला शिकवली." ते थांबले. मला वाटलं, संपलं. "कवा माझ्या म्होरं चालली न्हाई. ह्याच बारीला गेली म्होरं."

चौकोनात एवढंच मावलं. "वाचून दाव," आबा म्हणाले. मी वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये कुठं अडवलं नाही.

"बास. दोनच शबुद असत्यात. धाड."

मी धाडलं. सरांना त्यातलं काय कळलं, देव जाणे. मी पास झाले. किती गुण पडले ते मात्र विचारू नका.

तुळशीची लग्नं लागून गेली. एक दिवस मी ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि उसाच्या पलीकडून हलगी ऐकू आली. आबांनी लिंबाखालून विचारलं, "कुणाचं वाजतंय गं?"

"सुतारांच्या मोनिकाची हळद हाय, आबा."

आबा उठून आत गेले. मग बाहेर आले ते गुलाबी फेटा बांधून. घडी एका बाजूला कलली होती. ती नीट करायला आत्या लागायच्या. मी उठले, हात पुसले आणि सारखी करून दिली.